पाण्याच्या सूक्ष्म वाटा

ग्वाल्हेरचा उगम ओंजळभर पाण्यातून झाला, असे आख्यायिका सांगते. ग्वालिपा साधूने टेकडीवरील कुंडाचे पाणी पाजले आणि सूरजसेनाचा कुष्ठरोग नाहीसा झाला. इतिहास मात्र इतका दयाळू नसतो. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, १९१६ साली, सांक नदीवर तिघरा येथे बांध उभा राहिला. १९ ऑगस्ट १९१७ रोजी तो फुटला. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी झिरपले, भिंत ढळली आणि खालच्या वस्त्यांतील कित्येक जीव प्राणास मुकले.

ज्या सूक्ष्म वाटांनी हा घात केला, तशाच वाटा पाणी शुद्धही करतात. १८२९ साली जेम्स सिम्प्सनने लंडनमध्ये वाळूची गाळणी उभारली. १८९२ च्या पटकीत न गाळलेले नदीचे पाणी पिणाऱ्या हँबुर्गमध्ये हजारो माणसे दगावली. शेजारचे अल्टोना वाळूच्या गाळण्यांमुळे बहुतांशी वाचले. १९३४ साली आंटोन फोरमहाल्स याने विजेच्या दाबाने द्रावणातून तंतू ओढण्याच्या कृतीचे पेटंट मिळविले. आज त्याच तत्त्वावर केसाहून शेकडो पटींनी बारीक तंतूंची पटले तयार होतात. पाणी त्यांतून पार होते, जंतू अडकतात. विषाणू मात्र त्याहून लहान. त्यांच्यासाठी आणखी उपाय योजावे लागतात.

तिघऱ्याचा बांध पुन्हा बांधला गेला. आजही तो शहराची तहान भागवितो. पण बांध असो वा पटल, पाणी कोठून वाट काढते आहे, हे पाहणारा जागा डोळा हवाच. १९१७ ची शिकवण हीच होय.