सातपुड्यातील नर्मदा आणि एकट्याची होडी

नर्मदेवरील नौकानयनाचा इतिहास आजवर बहुधा तिच्या मुखाचाच लिहिला गेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भरुच बंदराच्या वाटेचे जे वर्णन आहे, त्यात भरती-ओहोटीचा भयंकर वेग आणि राजसेवेतील स्थानिक कोळी यांना मोठे स्थान आहे. हे कोळी लांब होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जात व परकी गलबतांना उथळ वाळूतून वाट दाखवीत आत आणीत. तेच पाणी सातपुड्याच्या ज्या घळीतून खाली येते, तेथे मात्र अशी परंपरा आढळत नाही. नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा सुमारे ५४ किलोमीटर नर्मदेने आखलेली आहे. खडकाळ, अरुंद पात्र आणि जागोजागचे धावते उतार यांमुळे हा पट्टा व्यापारी नौकांना बंदच होता. खुद्द नंदुरबारचा जुना व्यापार तापीच्या खोऱ्यातील खुष्कीच्या वाटांनी चाले. काठच्या भिल्ल व पावरा वस्त्यांना नदी हवी होती ती मासळीसाठी, गाळपेरीसाठी आणि पैलतीरी जाण्यापुरती.

तेव्हा या भागातील होडीला प्राचीन वारसा समजणे चुकीचे ठरेल. ती धरणाची निर्मिती आहे. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्याने सरदार सरोवराची उंची ठरली आणि महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. १९९० नंतरच्या दशकात मणिबेलीपासून बुडीत सुरू झाले व सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस पोचला. नाल्यांच्या खाड्या झाल्या, टेकड्यांची भूशिरे झाली, पायवाटा पाण्याखाली गेल्या. समुद्रापासून इतक्या दूर असे जणू एक किनारपट्टीचे जीवन निर्माण झाले. पण किनाऱ्यावरच्या माणसाजवळ पिढ्यांचे जे नाविक ज्ञान असते, ते येथे एका पिढीत कमवावे लागले. उघड्या पाण्यावरून मोकळा सुटलेला वारा लाटा उठवितो, आणि बुडालेल्या झाडांची खोडे वल्ह्याला अडतात. १५ जानेवारी २०१९ रोजी मकरसंक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषा येथे सुमारे ६० माणसांची होडी उलटून किमान सहा जण मृत्यू पावले. शासनाचा तरंगता दवाखाना याच पाण्यावर चालविला गेला, हेही येथे नोंदविले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचे २०२० मधील काम पाहावे. साथीच्या भीतीने अलिगाट व दादर या पाड्यांतील माता अंगणवाडीत येईनाशा झाल्या. तेव्हा एप्रिलपासून एका मच्छीमाराची लहान होडी मागून घेऊन, बहुधा एकट्याच, त्या आठवड्यातून पाच दिवस येऊनजाऊन सुमारे १८ किलोमीटर वल्हवीत. २५ बालके आणि सात गर्भवती स्त्रिया यांची तपासणी व आहार त्यांच्यावर अवलंबून होता. पावसाळ्याचे महिनेही त्यात गेले. वृत्तपत्रांनी त्यांच्या धैर्याचा गौरव केला, तो यथायोग्यच. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याआधी होडीकडे पाहावे. तिला शीड नव्हते, यंत्र नव्हते; आणि काठाला लागल्यावर पाड्यांपर्यंतचा डोंगर पायीच चढावा लागे.