खताचा दाणा आणि भोर-वेल्ह्याची खाचरे

रासायनिक खताचा इतिहास आपण बहुधा कारखान्याच्या दारातून सांगतो. भोर-वेल्ह्याच्या बांधावर उभे राहून पाहिले, तर तो दाण्याच्या आकाराचा इतिहास ठरतो.

या डोंगरउतारावरची जुनी रीत राब भाजण्याची. डहाळ्या, पालापाचोळा आणि शेण रोपांच्या वाफ्यावर पसरून पावसापूर्वी जाळायचे. तण मरे, राख रोपांना मिळे. लावणीच्या खाचराला मात्र त्यातले फारसे पोचत नसे. ती उणीव भरायला पोत्यातले दाणेदार खत आले.

हा दाणा घडवण्याची एक रीत तिरप्या तबकडीची. उंच कडांची मोठी तबकडी साधारण ४५ ते ५५ अंशांत कलती ठेवून फिरवतात. तीत खतांची भुकटी पडते, वरून पाण्याचा फवारा. ओला कण घरंगळताना भुकटी अंगाला लावून घेतो, थरावर थर चढतो. बारीक कण तळाशी फिरत राहतात. पुरेसा वाढलेला दाणा वर येऊन कडेवरून बाहेर सांडतो. तबकडी दाणा घडवते आणि निवडतेही. पुढे वाळवणे, चाळणे. १९८५च्या खत नियंत्रण आदेशात संयुक्त खताच्या दाण्याचे माप १ ते ४ मिलिमीटर धरले आहे.

हे माप पेरायला, फोकायला सोयीचे. वेल्ह्याच्या पावसाला नव्हे. खाचरात फोकलेल्या युरियातले काही नत्र अमोनिया होऊन हवेत जाते, काही बांध ओलांडणाऱ्या पाण्याबरोबर ओढ्याला मिळते.

उत्तर निघाले दाणा मोठा करण्यात. अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेल्या डॉ. एन. के. सावंत यांनी महाराष्ट्राला भाताची चारसूत्री पद्धत दिली: तूस-पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीची गोळी. ही गोळी तबकडीवर वळत नाहीत. ६०:४० प्रमाणातले मिश्रण खाचे असलेल्या दोन रुळांत दाबतात. वजन सुमारे २.७ ग्रॅम. लावणी होताच चार चुडांच्या मधोमध ती ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. तिथल्या चिखलात हवा नसते, म्हणून नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहते.

आता हिशेब. दर ४० बाय ४० सेंटिमीटरला एक, म्हणजे हेक्टरी ६२,५०० गोळ्या; खत जेमतेम १६९ किलो. पण गुंठ्याला सुमारे ६३० वेळा चिखलात हात घालायचा, आणि लावणीत वाकलेल्या पाठी बहुतेक बायकांच्याच. वाचलेल्या युरियाच्या हिशेबात ही पाठ धरली जात नाही. गोळी पटूनही कुणी पुन्हा फोकण्याकडे वळला, तर त्याला अडाणी म्हणण्याआधी ही बेरीज करावी.

दाणा घडवणे यंत्राने कधीच हाती घेतले. तो मुळाशी पोचवण्याचा भार मात्र उतारावरच्या छोट्या खाचरांत माणसाच्या हातावरच राहिला.