आधी शंबूक, मग राम

रामटेकच्या गडावर रामाचे मंदिर आहे हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच टेकडीवर शंबूकाचेही स्थान आहे, हे मात्र आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या सुशिक्षितांपैकीही थोड्यांनाच माहीत असते. धूम्रेश्वर महादेव या नावाने ते ओळखले जाते. स्थलकथा अशी, की रामाने शंबूकाचा वध याच डोंगरावर केला. मरताना शंबूकाने वर मागितला, की रामाने इथेच राहावे आणि भक्तांनी रामाच्या आधी माझी पूजा करावी. राम ‘तथास्तु’ म्हणाला. म्हणून यात्रेकरूने आधी धूम्रेश्वराला नमस्कार करायचा आणि मग वर चढायचे.

ही कथा मी पुस्तकात वाचण्याआधी आजीकडून ऐकली. ती लग्न होऊन सावनेरला आली तेव्हा सासूबरोबर पारशिवनीवरून पायी रामटेकला कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला जात असे. ‘पहिले धूम्रेश्वराच्या पाया पडा, मंग रामाच्या,’ असा सासूचा दंडक होता. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतल्यानंतर आजी पुन्हा गडावर गेली नाही. बावीस प्रतिज्ञांपैकी दुसरीच राम आणि कृष्ण यांना देव न मानण्याची आहे. तिला अक्षरओळख नव्हती, पण प्रतिज्ञा पाठ होत्या.

गेल्या वर्षी वर्गात शंबूकाचा विषय निघाला. बाबासाहेबांच्या लेखनातील संदर्भ मी सांगत होतो. रामटेककडून येणारा एक विद्यार्थी उठून म्हणाला, ‘सर, पण रामानं त्याला मोक्ष दिला ना? आमच्याकडं तर त्याला पहिला मान आहे. मग अन्याय कुठं झाला?’ प्रश्न खोडसाळ नव्हता, त्याला खरोखरच विचारायचे होते. त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते मला पुरेसे वाटले नाही. हा लेख त्या अपुरेपणातून लिहितो आहे.

वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात कथा कशी आहे ते आधी पाहू. एका ब्राह्मणाचा लहान मुलगा मरतो. बाप प्रेत घेऊन राजद्वारी येतो आणि राजाच्या राज्यात काही अधर्म घडल्याशिवाय असे होणार नाही म्हणतो. नारद निदान सांगतो, की शूद्र तप करतो आहे. राम पुष्पक विमानातून चारही दिशा शोधतो. दक्षिणेला एका सरोवरापाशी उलटा टांगून घेतलेला तपस्वी दिसतो. राम त्याला वर्ण विचारतो. तो खरे सांगतो, आणि त्याचे बोलणे पुरे होते न होते तोच राम तलवारीने त्याचे मस्तक उडवतो. देव फुले उधळतात, ब्राह्मणपुत्र जिवंत होतो. तुझ्यामुळे हा शूद्र स्वर्गाला पोचला नाही, असे म्हणून देव रामाला धन्यवाद देतात. त्या मूळ कथेत मोक्ष नाही, मानही नाही. शंबूकाला स्वर्ग मिळाला नाही, हेच तिथे रामाचे पुण्य आहे.

मोक्ष नंतर आला. कालिदासाच्या रघुवंशात, पंधराव्या सर्गात, शंबूक झाडाला लोंबकळून धूर पीत तप करतो, त्याचे डोळे धुराने लाल झालेले आहेत. (धूम्रेश्वर या नावातला धूर बहुधा याच परंपरेतला असावा.) राम त्याला मारतो. राजाच्या हातून शिक्षा झाल्यामुळे त्याला सज्जनांची गती मिळाली, जी त्याच्या कठोर तपानेही मिळाली नसती, असे कालिदास सांगतो. म्हणजे स्वर्ग मिळतो, पण स्वतःच्या कष्टाने नव्हे, तलवारीच्या कृपेने.

आठव्या शतकातला भवभूती तर आपल्या विदर्भातला, पद्मपूरचा. वा. वि. मिराशी यांनी ते पद्मपूर आमगावजवळचे ठरवले. त्याच्या उत्तररामचरितात, दुसऱ्या अंकात, रामाचा हात उचलत नाही. तो स्वतःच्या उजव्या हाताला बजावतो, की गर्भवती सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू अवयव, तुला दया कशी शोभेल? मग घाव बसतो आणि शंबूक दिव्य देह धारण करून समोर उभा राहतो व रामाचे आभार मानतो. भवभूती हा मोठा कवी, हे मला मान्य आहे. खून करणाऱ्याला हात थरथरण्याइतकी लाज वाटावी, एवढे त्याने लिहिले. परंतु ज्याचा खून झाला त्याच्याच तोंडी आभार घालून त्याने ती लाज पुसूनही टाकली.

तेराव्या शतकाच्या अखेरीस, यादव राजा रामचंद्राच्या काळात, रामटेकच्या लक्ष्मण मंदिरात एक संस्कृत शिलालेख कोरला गेला. मिराशींनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यात शूद्र मुनी शंबूक या डोंगरावरून विष्णुपदाला गेल्याचा उल्लेख आहे. म्हणजे स्थलकथा निदान सातशे वर्षांची जुनी आहे. मग माहात्म्यात आणि लोकांच्या तोंडी ‘आधी माझी पूजा’ हा वर येतो.

या साऱ्या रूपांतरांकडे ओळीने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक पिढीतील कथाकाराने शंबूकाला आधीच्यापेक्षा जास्त काही देऊ केले. आधी काहीच नाही, मग सद्गती, मग दिव्य देह, शेवटी रामाच्याही आधीचा मान. न दिलेली गोष्ट एकच, त्याचे प्राण. तो ब्राह्मणाचा मुलगा शंबूकाला न मारता जगला, असे सांगायला या परंपरेतला एकही कवी तयार नाही. नुकसानभरपाई वाढत गेली, निकाल मात्र तोच राहिला. भरपाई द्यावीशी वाटली यातच गुन्ह्याची कबुली आहे, हे आपण ओळखले पाहिजे.

उत्तरकांड प्रक्षिप्त आहे, असे काही सद्भावी मंडळी सांगतात. बहुतेक अभ्यासक ते उत्तरकालीन मानतात, यात वाद नाही. पण प्रश्न रामाच्या चारित्र्याचा आहे, असे समजणारेच त्याने समाधानी होतात. ज्यांनी ही कथा घुसवली त्यांना ती का हवी होती? ज्यांनी ती पुढे दीड-दोन हजार वर्षे सांगितली त्यांना ती का चालली? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात हेच ओळखले होते. शंबूकवधाबद्दल एकट्या रामाला दोष देणे म्हणजे प्रकरण न समजणे होय, असा त्यांचा रोख आहे. चातुर्वर्ण्य शिक्षेच्या भयाशिवाय टिकत नाही, आणि ते टिकवणे हे ज्याचे राजकर्तव्य त्याला तलवार उचलणे भागच आहे. हे लिहिण्याआधी सहा वर्षे, २ मार्च १९३० रोजी, त्यांच्याच नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता, हे विसरू नये. रामाच्या दारावर वर्षानुवर्षे धडका देऊन झाल्यावरचे हे निदान आहे.

आता त्या मानाकडे येतो. पंढरपूरला महाद्वारासमोर चोखोबाची समाधी आहे. वारकरी आधी तिथे माथा टेकतो, मग विठोबाकडे जातो. ज्या चोखोबाला आत पाऊल टाकता आले नाही, त्याला दारात पहिला मान! पुढे त्याच्याच लोकांना आत जाण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. रामटेकची रचना यापेक्षा वेगळी नाही. मारलेल्याला उंबऱ्यावर बसवायचे, त्याला नमस्कार करवायचा, आणि त्या नमस्कारानेच त्याला दाराबाहेर पक्के करायचे. आमच्या शेजारच्या मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी चोखोबाच्या नावाने आयुष्यभर समाज जागवला, पण धर्मांतराला त्यांनी विरोध केला. त्यांच्या कामाची थोरवी कमी न करता मला असे वाटते, की उंबऱ्यावरच्या मानातून आत जाता येईल ही त्यांची आशा होती. १९५६ ने त्या आशेचा हिशेब संपवला.

त्याच १९५६ च्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवर वर्षभर चाललेले माडगूळकरांचे गीतरामायण पूर्ण झाले. छप्पन्न गीते. त्यात सीतेचा त्याग आहे, शंबूक नाही. वगळणे हीदेखील एक भरपाईच, सगळ्यात स्वस्त. उलट कुवेंपूंनी १९४४ मध्ये कन्नडात ‘शूद्र तपस्वी’ हे नाटक लिहून रामाचा बाण तक्रार करणाऱ्या ब्राह्मणाकडेच वळवला. मराठीत हे धाडस कुण्या प्रतिष्ठित नाटककाराने केल्याचे माझ्या वाचनात नाही. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे ‘रिडल्स’ प्रसिद्ध केले, तेव्हा राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून केवढा गदारोळ झाला! फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला तेव्हा कुठे ते परिशिष्ट ग्रंथात राहिले, तेही शासन या मतांशी सहमत नसल्याची टीप घालून.

आपल्या काही मित्रांना धूम्रेश्वर मूळचा अवैदिक देव असावा, बुद्धविहाराचा अवशेष असावा, असे म्हणण्याचा मोह होतो. मला त्याला पुरावा दिसत नाही, आणि पुराव्याशिवाय बोलण्याची सवय आपण त्यांच्याकडून उचलू नये. जो पुरावा आहे तो पुरेसा बोलका आहे.

त्या विद्यार्थ्याला मी नंतर स्टाफरूममध्ये बोलावून हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. मग विचारले, ‘माझी आई अजून पहिले धूम्रेश्वरालाच जाते. तिला नको जाऊ म्हणू का?’ मी म्हणालो, ‘आधी तिला विचार, ती कशासाठी पाया पडते.’

आठवड्याने तो आला. आई म्हणाली होती, ‘तो बिचारा तिथं मेला ना बापा, म्हनून.’ कोण मेला, कुणी मारला, हे तिला सांगता आले नव्हते. शंबूक हे नाव तिने ऐकलेलेच नव्हते. ते आपण तिला सांगितले, असे तो म्हणाला.