तारामीन : वर्गीकरण व नातेसंबंध
कंटकचर्मी संघातील ॲस्टेरॉयडिया वर्गात तारामीनांच्या सुमारे १,९०० हयात जाती मोडतात. याच संघातील भंगुरताऱ्यांचे डिंभ, म्हणजे प्रौढापेक्षा वेगळ्या रूपाची बाल्यावस्था, सागरी अर्चिनांच्या डिंभांसारखे दिसत असल्याने त्या दोघांना जवळचे मानणारा मतप्रवाह प्रबळ होता. परंतु जनुकीय अभ्यासांनी भंगुरतारे तारामीनांचेच निकटतम नातलग असल्याचे दाखविले. याहून उद्बोधक उदाहरण झायलोप्लॅक्सचे आहे. न्यूझीलंडलगतच्या खोल समुद्रात, बुडालेल्या लाकडावर सापडलेल्या या जेमतेम काही मिलिमीटर व्यासाच्या, भुजाहीन चकतीसारख्या प्राण्याचे नालपाद (पाण्याच्या दाबाने हलणारे पोकळ पाय) कडेलगत एकाच वर्तुळात मांडलेले असल्याने १९८६ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र वर्ग कल्पिण्यात आला. पुढे मात्र रेणवीय पुराव्यांवरून तो तारामीनांपैकीच एक, अतिशय बदललेला प्राणी ठरला.