खेळांतील अर्थार्जन

खेळांतील अर्थार्जन : कौशल्याच्या व स्पर्धेच्या खेळांतून खेळाडू, खेळ रचणारा आणि स्पर्धा भरविणारा यांना होणारी द्रव्यप्राप्ती. ती दोन भिन्न मार्गांनी होते. एका मार्गात खेळणारा, पाहणारा किंवा आश्रयदाता खेळाचा मोबदला म्हणून पैसे देतो. दुसऱ्या मार्गात खेळणारे आपला पैसा निकालावर लावतात व हरणाऱ्याचा पैसा जिंकणाऱ्याकडे जातो. पहिल्या प्रकारात किंमत, वर्गणी, वेतन व पारितोषिक ही येतात. दुसऱ्यास धर्मशास्त्रात ‘पण’ अशी संज्ञा आहे. सैन्य, साधने किंवा पत्ते यांची मांडणी करून प्रतिस्पर्ध्यावर मात करण्याचे व्यूहात्मक खेळ मोबाइलवर आल्यापासून हा जुना भेद पुन्हा महत्त्वाचा ठरला आहे. महाराष्ट्रात त्याचा इतिहास जुगारविषयक कायद्यांत आणि खानदेशासारख्या प्रदेशाच्या लोकाचारात आढळतो.

प्राचीन व्यवस्था : द्यूत हे राजाच्या देखरेखीखाली एकाच ठिकाणी चालावे, असे कौटिलीय अर्थशास्त्रात सांगितले आहे. द्यूताध्यक्षाने फासे भाड्याने द्यावेत, जागेचे व पाण्याचे शुल्क घ्यावे आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच वसूल करावेत, अशी तेथे व्यवस्था आहे. याज्ञवल्क्य स्मृतीतही द्यूतगृह चालविणाऱ्या ‘सभिका’चा जिंकणाऱ्याच्या रकमेतील वाटा ठरवून दिला आहे. मनुस्मृतीचा दृष्टिकोन मात्र कडक असून तीत द्यूत राज्यातून नाहीसे करण्यास सांगितले आहे. या व्यवस्थांतील एक तपशील पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. फाशांचे व जागेचे भाडे कोणीही जिंकले तरी तेवढेच राहते. जिंकलेल्या रकमेतील वाटा मात्र पण जितका मोठा तितका वाढतो. साहजिकच सभिकाचे हित मोठ्या पणात असते. आधुनिक काळात पैशाचे खेळ चालविणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्नही बहुतांशी याच तत्त्वावर आधारलेले होते.

खानदेशातील लोकाचार : खानदेशात अक्षय्य तृतीयेस ‘आखाजी’ म्हणतात. हा तेथील मोठा सण असून या दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात व गौराईची गाणी म्हटली जातात. पुरुषवर्गात या सणाला पैसे लावून पत्ते खेळण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली आहे. शेतावर वर्षाच्या कराराने राबणाऱ्या सालदाराचे सालही आखाजीच्या सुमारास संपते आणि नवे सुरू होते. त्यामुळे वर्षभर कष्टणाऱ्या माणसाच्या हाती हिशेबाची रक्कम किंवा नव्या सालाची उचल येण्याचा आणि पत्त्यांचा डाव मांडला जाण्याचा काळ एकच असतो. सणापुरती करमणूक म्हणून समाजाने या प्रथेकडे काणाडोळा केला, तरी हरलेल्याला नव्या सालाची उचल फेडण्यातच वर्ष घालवावे लागे. पणाच्या खेळाचा खरा भार कोणावर पडतो, हे यावरून ध्यानात येते.

बोरी नदीकाठचे अमळनेर हे या प्रदेशातील कापसाच्या व्यापाराचे एक केंद्र. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या कापडगिरणीमुळे ते औद्योगिक गाव म्हणूनही ओळखले गेले. कापसाच्या भावाशी जुगाराचा संबंध मुंबईत जुळला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांच्या आकड्यांवर तेथे पैसे लावले जात. ते आकडे मिळेनासे झाल्यावर १९६० नंतरच्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची पद्धत पडली व तीवरून ‘मटका’ हे नाव रूढ झाले. कापूस पिकविणाऱ्याच्या दृष्टीने भाव म्हणजे श्रमाचा मोबदला. मटका लावणाऱ्याच्या दृष्टीने तो केवळ एक आकडा.

याच अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाच्या निर्मितीसाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्‌स ही कंपनी स्थापन केली. तीच पुढे ‘विप्रो’ या नावाने संगणक व्यवसायात प्रसिद्ध झाली. तिचे भाग घेतलेल्या स्थानिक कुटुंबांना कालांतराने मोठा लाभ झाला. भागधारकही धोका पत्करतो. परंतु त्याचा लाभ उत्पादनाच्या वाढीतून येतो, दुसऱ्या भागधारकाच्या हानीतून येत नाही. पणाच्या खेळात नवे द्रव्य निर्माण होत नाही. असलेलेच हात बदलते व त्यातून चालकाचा वाटा वजा होतो.

कायद्याचा विकास : मुंबई इलाख्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू झाला. जुगाराचा अड्डा चालविणे व सार्वजनिक ठिकाणी जुगार खेळणे हे त्याने गुन्हे ठरविले. मात्र निव्वळ कौशल्याच्या खेळांना कलम १३ अन्वये त्यातून वगळले. अड्ड्याची व्याख्या करताना खेळाची साधने किंवा जागा यांपासून चालकाला होणाऱ्या नफ्यावर भर देण्यात आला. अशा रीतीने खेळ कोणता आणि त्यावर नफा कोण मिळवितो, हे दोन प्रश्न आरंभापासूनच कायद्यापुढे होते.

स्वातंत्र्योत्तर काळात वृत्तपत्रांतील शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांवरून मोठा वाद झाला. प्रवेशमूल्य भरून कोडे सोडवावयाचे आणि आयोजकाने आधीच ठरविलेल्या उत्तराशी ते जुळल्यास बक्षीस मिळावयाचे, असे त्यांचे स्वरूप होते. एका जागी दोन शब्द सारखेच योग्य बसत असल्यास त्यांतील कोणता निवडावा हे ज्ञानाने ठरत नसे. अशा स्पर्धांवर मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्याने नियंत्रण व कर बसविला. संसदेने १९५५ मध्ये बक्षीसस्पर्धा अधिनियम करून महिन्याच्या बक्षिसांची एकूण रक्कम १,००० रुपयांपर्यंत व प्रवेशिकांची संख्या २,००० पर्यंत मर्यादित केली. चमारबागवाला प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ऋग्वेद, महाभारत व स्मृतिग्रंथ यांतील द्यूतविषयक उल्लेखांचा परामर्श घेऊन जुगार हा संविधानाने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असा निर्णय दिला. ज्या स्पर्धांत यश प्रामुख्याने कौशल्यावर अवलंबून असते, त्यांना मात्र न्यायालयाने जुगारापासून वेगळे मानले.

रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले. पत्ते व बैठकीची सोय यांसाठी क्लबाने थोडे शुल्क घेतल्याने तो जुगाराचा अड्डा होत नाही. परंतु खेळाच्या पैशातून नफा मिळविल्यास गुन्हा होऊ शकतो, हेही त्या निकालात स्पष्ट केले होते. घोड्यांच्या शर्यतींविषयीच्या १९९६ च्या निर्णयात कौशल्याचे प्राधान्य हीच कसोटी पुन्हा लावण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ड्रीम११ या कंपनीच्या काल्पनिक संघनिवडीच्या खेळास याच आधारे जुगार मानण्यास नकार दिला. कौशल्याची कसोटी लावताना १९६७ च्या निकालातील नफ्याचा इशारा मात्र व्यवहारात मागे पडला आणि पैशाच्या खेळांचा व्यवसाय वेगाने फोफावला.

मोबाइलवरील व्यूहखेळ : ॲपलचे ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झाले. खेळाच्या आतच वस्तू विकण्याची सोय २००९ मध्ये मोफत खेळांनाही मिळाली. त्यानंतर खेळ फुकट द्यावयाचा व उत्पन्न आतील विक्रीतून मिळवावयाचे, ही रीत सर्वत्र पसरली. फिनलंडमधील सुपरसेल कंपनीचे ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ (२०१२) व ‘क्लॅश रॉयल’ (२०१६) हे तिचे प्रसिद्ध नमुने होत. भारतात सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाल्याने तालुक्याच्या गावीही हे खेळ पोहोचले. खेळनिर्मितीचा व्यवसाय महाराष्ट्रातही वाढला. मुंबईची नझारा टेक्नॉलॉजीज ही कंपनी मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली, तर पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ हा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसृत झाला.

अशा खेळांच्या निर्मात्यास उत्पन्नाचे अनेक सरळ मार्ग उपलब्ध असतात : एकरकमी किंमत, मासिक वर्गणी, जाहिराती, शक्तीत भर न घालणाऱ्या शोभेच्या वस्तू आणि हंगामाचा परवाना. अडचण दोन ठिकाणी येते. पैसे देणाऱ्यास अधिक बलवान सैन्य मिळू लागले, की स्पर्धा डावपेचांची न राहता खर्चाची होते. दुसरे असे, की आत काय आहे हे न सांगता पेटी विकली, तर ती विक्री सोडतीसारखी होते. या पेट्यांतील वस्तू मिळण्याची शक्यता जाहीर करण्याचे बंधन चीनने २०१७ मध्ये घातले. ॲपलनेही त्याच वर्षी तसा नियम केला. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यावयाच्या अशा पेट्या जुगार ठरविल्या. फसवणूक लहान मुलांची होण्याचा संभव असल्याने या प्रश्नाला विशेष गांभीर्य आहे.

खेळाडूचे उत्पन्न पारितोषिक, संघाकडून वेतन, खेळाचे प्रक्षेपण व प्रशिक्षण यांतून येते. या बाबतीत बुद्धिबळाचा अनुभव मार्गदर्शक आहे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने खेळाडूंच्या पिढ्या घडविल्या. जळगावात जैन उद्योगसमूहाने बुद्धिबळ, कॅरम इ. खेळांना आश्रय दिला. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा पारितोषिकाची रक्कम ५०,००० डॉलर होती. याशिवाय महाराष्ट्र शासनाने त्यांना ३ कोटी रुपये दिले. यातील कोणताही पैसा प्रतिस्पर्ध्याने डावावर लावलेला नव्हता. त्याच वर्षी रियाध येथील ई-स्पोर्ट्‌स विश्वचषकात बुद्धिबळाचा समावेश झाल्याने पटावरील व पडद्यावरील खेळांतील अंतर आणखी कमी झाले. त्याआधी २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धांत प्रदर्शनीय प्रकार म्हणून झालेल्या ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या व्यूहखेळात तीर्थ मेहता यांनी भारतास कांस्यपदक मिळवून दिले होते. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्‌स हा विषय क्रीडा विभागाकडे सोपविला.

पारितोषिके थोड्यांनाच मिळतात. अमळनेरसारख्या गावातील तरुणाच्या दृष्टीने प्रशिक्षण, समालोचन, चित्रांकन, ध्वनिसंयोजन व आज्ञावलीलेखन हे मार्ग अधिक स्थिर होत. कारण त्यांत मोबदला कामावर अवलंबून असतो, एका डावाच्या निकालावर नाही. दुसऱ्याच्या खात्यावरून खेळून त्याची श्रेणी वाढवून देणे, खाती विकणे किंवा यंत्राकरवी खेळविणे यांतूनही पैसा मिळतो. पण त्याने स्पर्धेचा आधारच नष्ट होत असल्याने बहुतेक निर्माते अशा व्यवहारांना बंदी करतात.

२०२५ चा अधिनियम : ऑनलाइन पैशाच्या खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर भरणा केलेल्या पूर्ण रकमेवर लागू झाला. त्यानंतर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंग प्रवर्तन व विनियमन अधिनियम संमत केला. २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो किंवा दोहोंचा असो, पैसे लावून पैसे मिळविण्याच्या अपेक्षेने तो खेळविण्यास या अधिनियमाने बंदी केली. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवली. खेळणारास मात्र शिक्षा ठेवली नाही. ई-स्पोर्ट्‌समध्ये प्रवेशासाठी वा व्यवस्थाखर्चासाठी शुल्क आणि कामगिरीनुसार पारितोषिक यांना मुभा देण्यात आली. करमणुकीच्या खेळांना वर्गणी घेता येते, पण ती पणाच्या स्वरूपाची असता कामा नये. यानंतर ड्रीम११ सह अनेक कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबविले; काहींनी अधिनियमास न्यायालयात आव्हान दिले.

या अधिनियमाने १८८७ पासूनची कसोटी बदलली. पूर्वी ‘खेळात कौशल्य किती?’ असे विचारले जाई. आता ‘निकालावर पैसा लावला आहे काय?’ हा प्रश्न प्रथम येतो. आखाजीच्या डावातही चतुर खेळाडू असत, परंतु त्यांच्या चातुर्याने हरलेल्या सालदाराची उचल कमी होत नसे. खेळातील अर्थार्जन न्याय्य ठरण्यास मोबदला आधी ठरलेला व उघड असावा, पैशाने विजय विकत मिळू नये आणि हरणाऱ्याच्या हानीवर कोणाचेही उत्पन्न अवलंबून नसावे, हे तीन निकष या इतिहासातून निष्पन्न होतात. पैकी तिसरा कायद्याने स्वीकारला आहे. पहिल्या दोहोंचे पालन अद्याप बहुतांशी निर्मात्यांच्या सचोटीवर व खेळणाऱ्यांच्या सावधपणावर अवलंबून आहे.