भूमध्य सागराचे घर, मनोरीचा पाऊस

सुट्टीच्या घराचा विषय वास्तुरचनेत जरा हलका मानला जातो. मला तसे वाटत नाही. लहान घर, उताराची जमीन, खारा वारा आणि मालकाच्या डोक्यात आधीच पक्के बसलेले चित्र, हे सगळे एकाच कामात क्वचितच वाट्याला येते. चित्र बहुधा ग्रीसच्या बेटांवरचे असते: पांढऱ्या भिंती, निळी दारे, सपाट गच्ची. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या मनोरीला जागा घेणाऱ्यालाही तेच हवे असते. या विषयात नव्याने शिरणाऱ्याचे स्वागत करताना मी सुरुवात त्या चित्रापासूनच करतो, कारण ते खोटे नाही, अर्धे आहे.

भूमध्य सागराच्या काठी पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, तोही बेताचा. उन्हाळा कोरडा ठणठणीत. तिथली जाड भिंत, चुन्याचा पांढरा हात, लहान खिडकी, मधला चौक ही उन्हाची तजवीज आहे. मनोरीत जून ते सप्टेंबरात 2,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्यासोबत समुद्राच्या अंगाने आडवा येतो. जिकडे देखावा, तिकडूनच झड! सपाट गच्चीत जरा ढिलाई झाली की ती ठिबकते, आणि पांढरी भिंत दोन पावसाळ्यांत काळवंडते.

गंमत म्हणजे ही रीत इथे एकदा येऊन गेली आहे. 1534च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. (पोर्तुगाल अटलांटिकवरचा देश खरा, पण घर बांधण्याची त्याची पद्धत दक्षिण युरोपचीच.) त्याच मुलखात मोडणाऱ्या साष्टीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणांतली जुनी घरे पाहा: बाहेरून चढणारा जिना, लाकडी सज्जा, पुढे व्हरांडा, आणि वर मात्र उतरते कौलारू छप्पर. युरोपातून आलेल्या घराला पावसाने वळचण काढायला लावली. अभ्यासासाठी याहून चांगला नमुना नाही, आणि तो मार्व्याहून मनोरीच्या तरीत बसले की दिसतो.

उताराचे गणितही पाण्याचेच. टेकडी कापून सपाट चौथरा केला की वरचे सगळे पाणी मागच्या भिंतीवर येते. म्हणून घर पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावे, वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूने काढावे आणि धारक भिंतीत पाणी निघायला भोके ठेवावीत. वास्तुकार आयलीन ग्रे यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर 1926 ते 1929 या काळात बांधलेले ई-1027 हे घर उतार न मोडता त्याच्यावर बसते. मायोर्का बेटावर यॉर्न उट्झॉन यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला कॅन लिस बांधले. तिथल्याच दगडाच्या या घरात खिडक्या इतक्या खोल आहेत की समुद्र दिसतो, पण डोळे दिपत नाहीत. आमच्याकडे तीच खोली झडीसाठी लागते, एवढाच फरक.

जवळचे उदाहरण अलिबागकडचे. बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने 2007मध्ये नांदगावच्या नारळीच्या वाडीत पामायरा हाऊस पुरे केले. ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या भिंतींतून वारा आत खेळतो. त्यात भूमध्य सागराचे काहीही दिसत नाही, तरी सावली आणि वारा यांचा विचार तोच आहे. माझ्या मते मनोरीच्या घराने नक्कल करायचीच तर या विचाराची करावी.

काँक्रीट वापरणाऱ्यांसाठी एक रूक्ष गोष्ट. समुद्राचे तुषार जिथे पोचतात तिथे आयएस 456 हे भारतीय मानक किमान एम35 प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर 50 मिलिमीटरचे आवरण सांगते. ठेकेदार 25वर भागवू पाहतो. मग क्षार आत शिरतात, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. भरतीरेषेपासूनच्या बंधनांची गोष्ट त्याहून रूक्ष, पण ती आधी तपासावी: किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991ची, नंतरच्या 2011 आणि 2019च्या. आपली जागा कोणत्या वर्गात मोडते हे मंजूर नकाशावर पाहिल्याशिवाय एक रेघही ओढू नये.

आणि जागा पाहायला डिसेंबरात जाऊ नका. जुलैत, भरतीच्या वेळी, छत्री घेऊन जा. पाणी कुठून येते आणि कुठे साचते ते कागदावर उतरवा, आणि मगच या विषयाची पुस्तके उघडा.