तसबिरीतला देव आणि देवळाचे दार

आपल्या ज्ञातीतील बहुतेक जुन्या घरांच्या भिंतींवर एके काळी लक्ष्मी, सरस्वती, दत्तात्रेय यांच्या रंगीत तसबिरी असत. कित्येकांच्या माळ्यावर त्या आजही सापडतील. स्मरणिकेच्या पृष्ठांतून घराण्यांचा इतिहास आपण दरवर्षी वाचतोच. यंदा आम्ही या भिंतींचा इतिहास ज्ञातिबंधूंपुढे व भगिनींपुढे ठेवीत आहो.

या तसबिरींचे मूळ राजा रविवर्मा यांच्या कुंचल्यात आहे. त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे १८४८ साली जन्मलेल्या या चित्रकाराकडून महाराज सयाजीराव गायकवाड यांनी बडोद्याच्या दरबारासाठी पौराणिक प्रसंगांची चौदा चित्रे करवून घेतली. ती मुंबईस प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा ती पाहण्यास लोकांची रीघ लागली. राजवाड्यातले चित्र राजवाड्यातच राहणार, हा तोवरचा रिवाज. रविवर्मा यांनी तो मोडला. १८९४ साली मुंबईजवळ घाटकोपर येथे त्यांनी शिळाछापाचा छापखाना काढला आणि शकुंतलेच्या जन्माचे चित्र तेथून प्रथम बाहेर पडले. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला व विसाव्या शतकाच्या प्रारंभीच श्लायखर नामक जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. आपले धुरंधर यांनी त्यासाठी चित्रे काढली, दादासाहेब फाळके यांनीही तेथे काम केले.

शिळाछापाचे काम मोठे कष्टाचे. प्रत्येक रंगाची शिळा निराळी, आणि जितके रंग तितक्या वेळा तोच कागद दाबाखाली जावयाचा. कागद केसभर जरी सरकला तरी देवीच्या ओठांची लाली गालावर यावयाची! शिळा घासणाऱ्या, शाई लावणाऱ्या त्या कारागिरांची नावे चित्राखाली कधी छापली गेली नाहीत. छापखान्याचे नाव मात्र ठळक असे.

आता मुख्य मुद्दा. त्या काळी देवाचे दर्शन ही सर्वांस मोकळी असलेली गोष्ट नव्हती. कोणी गाभाऱ्यापर्यंत जावे, कोणी सभामंडपात थांबावे आणि कोणी देवळाच्या वाटेलाही फिरकू नये, हे जन्मावरून ठरलेले होते. अशा समाजात कागदावरचा देव बाजारात आला. तो विकत घेणाऱ्यास दुकानदार जात विचारीत नव्हता. ज्यास देवळाचे दार बंद होते, त्याच्याही झोपडीत आता देव समोरासमोर उभा राहिला, आणि मध्ये पुजारी नव्हता. चित्रकाराच्या मनात ही क्रांती होती असे आम्ही म्हणत नाही. त्यास धंदा करावयाचा होता आणि कीर्तीही हवी होती. परंतु परिणाम झाला तो झालाच.

मात्र नाण्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. या चित्रांतील देवदेवता गौरवर्णी, दागिन्यांनी मढलेल्या, उच्चकुलीन स्त्री-पुरुषांच्या थाटाच्या आहेत. देव सर्वांच्या घरी गेला खरा, पण तो वरिष्ठांचेच रूप घेऊन गेला. शेतात राबणाऱ्या बाईस लक्ष्मीत आपला चेहरा दिसणे शक्य नव्हते.

आणि देवळांचे काय? २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. तोच राम तसबिरीतून महाराष्ट्रभर घरोघर पोचलेला होता! ज्या घरांनी ती तसबीर देव्हाऱ्यावर लावली, त्यांपैकी किती घरे त्या दिवशी सत्याग्रहींच्या बाजूस होती, हा प्रश्न सर्वच ज्ञातींनी, आपण धरून, स्वतःस विचारावा. उत्तर सुखद नाही, असे आमचे मत आहे. खुद्द रविवर्मांच्या त्रावणकोरात देवळे सर्व हिंदूंस खुली झाली ती १२ नोव्हेंबर १९३६ च्या जाहीरनाम्याने. तो काढणारे महाराज चित्तिर तिरुनाळ हे मातृपक्षाकडून रविवर्मांचेच पणतू.

पंढरीचा विठोबा सर्वांस मोकळा व्हावा म्हणून साने गुरुजींस १९४७ साली प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. पण तोवर पुष्कळांचा धीर सुटला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व जुन्या देवतांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा दिली. त्यानंतर कित्येक घरांच्या भिंतींवरून जुन्या तसबिरी उतरल्या आणि तेथे भगवान बुद्ध व बाबासाहेब यांची चित्रे लागली. तीही छापीलच, तशीच चौकटीत बसविलेली, तसाच हार घातलेली. भिंत तीच होती, खिळाही बहुधा तोच असेल. या खेपेस मात्र चौकटीत कोण बसावे हे त्या घराने स्वतः ठरविले होते, आणि निळ्या कोटातील त्या चेहऱ्यात त्यास आपला चेहरा दिसत होता.

मळवलीच्या छापखान्यास १९७२ साली आग लागली व तेथील पुष्कळसा संग्रह जळाला. माळ्यावरच्या तसबिरींस आता मोल आले आहे ते यामुळेही. ज्या ज्ञातिबांधवांकडे अशा तसबिरी असतील, त्यांनी चौकट उघडताना कागदाची खालची कड जपावी. छापखान्याचे नाव तेथेच असते, आणि पुष्कळदा चौकटकाराने ती कड आत दुमडलेली असते.